जादा किल्ली

मिर्फ्यात, ऑगस्टमध्ये, दुपारी सव्वादोनला
माझ्या फोनला ताप आला.
काळ्या पडद्यावर लाल थर्मामीटर,
खाली एक ओळ, मला वाचता आली तशी:
आधी गार होऊ दे, मग बघू.

गाडी समोरच उभी. पांढरी, कालच धुतलेली,
हप्ते अजून एकतीस बाकी.
टायरवाल्याच्या दुकानापाशी सावली दिसली
म्हणून चार पावलं काय उतरले,
तिनं दारं लावून घेतली.
हा तिचा गुण. विकणाऱ्या पोरानं
आरसे मिटवून-उघडून दाखवला होता:
किल्ली विसरा मॅडम, ती तुम्हाला ओळखेल.

कार्ड आहे की.
कार्ड पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर,
काचेतून दिसते, चेन अर्धी उघडी.
दुसरं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात
आणि नवरा दास बेटावर, अठ्ठावीस दिवसांच्या पाळीवर,
चहूकडे समुद्र.

कुणाचा तरी फोन मागून त्याला कळवावं
तर नंबर आठवेना.
अकरा वर्षांचा संसार,
आणि शून्य-पाच-शून्यच्या पुढे डोकं कोरं.
आठवला तो बार्शीच्या जिनिंगचा,
पाच आकडी, घडाघडा,
ज्याची तारसुद्धा आता कुणी विकून खाल्ली असेल.

बाबा तिथं मुकादम.
गोदामाची किल्ली करगोट्याला,
आंघोळीलाही सुटायची नाही.
उन्हाळ्यात उघडे निजले की
पोटावर तिच्या दातांचे वळ दिसायचे.
जिनिंग बंद पडून नऊ वर्षं झाली होती
तेव्हा दवाखान्यात नर्सनं विचारलं,
हा दोरा कापू का?
मी म्हटलं, थांबा. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुकानं चारपर्यंत बंद.
टायरवाला गुल जमान बाकावर आडवा,
सलवारीच्या नाड्याला दोन किल्ल्या.
त्यानं फोन तळहातावर घेतला, म्हणाला,
'बैठो बाजी, इसको बुखार है,'
आणि पंक्चर शोधायच्या टाकीकडे निघाला.
मी किंचाळले.
मग मशिदीबाहेरच्या पाण्याच्या कूलरला,
त्या घामेजल्या स्टीलला,
फडक्यात गुंडाळून त्यानं फोन टेकवला
आणि तो धरून उकिडवा बसून राहिला
चाळीस मिनिटं,
मला आपल्या फुटक्या पंख्यासमोर बसवून.

पडदा उजळला. आरसे उघडले.
गाडी अशी की जणू काही झालंच नाही.
पैसे त्यानं घेतले नाहीत. हवा भरून दिली.
हवा ठीकच होती.

तेव्हापासून मी एक कार्ड गळ्यात घालते,
ऑफिसच्या ओळखपत्राच्या मागे सरकवून.
नवऱ्याचा नंबर पाठ केला, दोनदा म्हणूनही दाखवला,
तो हसला, म्हणाला, आता तुझा मी पाठ करतो;
अजून केलेला नाही.
पॉवर बँक आहे. ती चार्ज करायची राहते.
आणि शंभर दिऱ्हम भरून मागवलेलं तिसरं कार्ड
मिर्फ्यात ठेवलं,
गुल जमानच्या गल्ल्याच्या डब्यात, नटबोल्टांखाली.
घरातल्यांनी वेड्यात काढलं.
नाव सोडून तुला त्याचं काय माहीत?
काही नाही. चाळीस मिनिटं माहीत आहेत.

परवा अनोळखी नंबरावरून फोन.
गुल जमान सुट्टीवर बन्नूला गेलाय,
दुकान चुलतभाऊ बघतो,
डबा साफ करताना त्याला कार्ड सापडलं,
मागे चिकटपट्टीवर माझा नंबर.
'बाजी,' तो म्हणाला,
'ये किस बँक का है?
पैसे हैं इसमें?'